तोंडी रॅप आहे, हातात तार कधी येणार?

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण पूर्ण वाचा. सुरुवातीला विषय गाण्याचा वाटेल. खरं तर तो आपल्या शाळांचा आहे.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी आंबागडचा. मंडप आणि साउंडचं काम करतो. लग्न, भागवत सप्ताह, गणपती, शारदा आणि दिवाळीनंतरच्या मंडया. तुमसर तालुक्यातल्या बऱ्याच गावांत माझे डबे वाजले आहेत. मला राग-बिग कळत नाहीत. पण एवढी वर्षं मिक्सरमागं बसून कान तयार झालाय.

माझ्याकडं हंगामात डबे उचलायला टुरे येतात. कुणी बारावी झालेले, कुणी आयटीआयचे, कुणी धान कापून मोकळे झालेले. दोन-तीन वर्षांपासून बघतोय, टेम्पोत मागं बसले की यांचं रॅप सुरू होतं. मोबाईलवर बीट लावायची आणि वर स्वतःचं जुळवलेलं म्हणायचं. विषय काय तर धानाचा भाव, रात्री पळणारे रेतीचे टिप्पर, पोलीस भरतीत गेलेली तीन वर्षं, पोरीच्या बापानं विचारलेलं "नोकरी हाय का?". पहिल्यांदा हसू येतं. मग लक्षात येतं की ग्रामसभेत जे कुणी बोलत नाही ते हे टुरे टेम्पोत बोलून टाकतात.

त्यातल्याच एकानं मागच्या मंडईत साउंड चेक करताना त्याच्या मोबाईलचा जॅक माझ्या मिक्सरला लावला. म्हणाला, "काकाजी, हे आयका जी एकदा."

आधी वाजलं व्हायोलिन. व्हायोलिन म्हटलं की मला पिक्चरमधली बिदाई आठवते. हे तसं नव्हतं. खालून हिप हॉपचा ठोका आला, बेसच्या डब्यावरचं कापड हलायला लागलं आणि त्या ठोक्यावर व्हायोलिन असं चाललं की जणू तेच रॅप करतंय. तोडून तोडून, श्वास घेत, मधेच थांबून पुन्हा उडी घेत. सोबत आणखी एक वाद्य होतं, तसंच पण आवाजानं जाड. त्याला व्हायोला म्हणतात हे मला नंतर कळलं. व्हायोलिनचा थोरला भाऊ समजा.

मी विचारलं, "कोन आहेत गा हे?" तो म्हणाला, "ब्लॅक व्हायोलिन. अमेरिकेतले दोन काळे टुरे."

घरी येऊन मी वाचत बसलो. वाचलं ते सांगतो, कारण पुढचा मुद्दा त्यावरच उभा आहे.

केव मार्कस आणि विल बी, हे दोघे अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातले, फोर्ट लॉडरडेल भागातले. केव व्हायोलिन वाजवतो, विल व्हायोला. त्यांचा पहिला अल्बम २००८ मध्ये आला, नाव त्यांच्या जोडीचंच, 'ब्लॅक व्हायोलिन'. हे नाव त्यांनी स्टफ स्मिथ नावाच्या जुन्या कृष्णवर्णीय जॅझ व्हायोलिनवादकाच्या एका अल्बमवरून घेतलं. त्याआधी २००४ मध्ये बिलबोर्ड पुरस्कारांच्या सोहळ्यात ते अलिशिया कीजसोबत वाजवून आले होते आणि २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरची नावाजलेली स्पर्धा त्यांनी मारली होती. पुढं २०१३ मध्ये ओबामांच्या दुसऱ्या शपथविधीच्या समारंभात वाजवलं. त्यांच्या 'टेक द स्टेअर्स' या अल्बमला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं.

त्या पहिल्या अल्बममध्ये नवीन काय होतं? हिप हॉपमध्ये व्हायोलिनचा आवाज आधीही यायचा. पण तो बहुतेक जुन्या रेकॉर्डमधून कापून घेतलेला तुकडा असायचा. कुणीतरी कधीतरी वाजवलेलं, आपण कापायचं आणि फिरवत ठेवायचं. या दोघांनी तुकडा कापला नाही. वाद्य हातात घेऊन, शाळा-कॉलेजात शिकलेल्या शास्त्रीय बोटांनी, ठोक्यावर स्वतः वाजवलं.

मला जास्त महत्त्वाची वाटली ती गोष्ट वेगळीच आहे. हे दोघे काही संगीताच्या घराण्यातले नव्हते. पोरगं वाईट नादाला लागू नये म्हणून केवच्या आईनं त्याला व्हायोलिनच्या वर्गाला घातलं. विलला तर सॅक्सोफोन शिकायचा होता, तो चुकून तारवाद्यांच्या वर्गात जाऊन पडला आणि तिथंच राहिला. दोघांची गाठ पडली ती डिलार्ड हायस्कूल नावाच्या सरकारी शाळेच्या ऑर्केस्ट्रात.

ही डिलार्ड शाळा गोऱ्या-काळ्यांच्या शाळा वेगळ्या असायच्या त्या काळापासूनची, काळ्या मुलांची शाळा. १९४० च्या दशकाच्या शेवटी तिथं बँड शिकवायला एक तरुण मास्तर होता, कॅननबॉल ॲडर्ली. पुढं हाच माणूस जगातल्या मोठ्या जॅझ सॅक्सोफोनवादकांत गणला गेला. म्हणजे ज्या शाळेत वाद्यं आणि वाद्यांचा मास्तर दोन्ही होते, त्याच शाळेतून पन्नासेक वर्षांनी ब्लॅक व्हायोलिन निघालं. हा मला योगायोग वाटत नाही. मास्तर बदलले, मुलं बदलली, पण संगीताचा तास चालू राहिला.

आता याची दुसरी बाजू बघा.

हिप हॉप जन्मलं न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात. ११ ऑगस्ट १९७३ ही त्याची जन्मतारीख मानतात. सिंडी कॅम्पबेल नावाच्या पोरीनं शाळेचे नवीन कपडे घ्यायला पैसे जमवायचे म्हणून इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली आणि तिच्या भावानं, डीजे कूल हर्कनं, दोन रेकॉर्ड प्लेअरवर गाणी वाजवली. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा तो परत परत फिरवत राहिला. लोक त्यावर नाचले, माईकवर बोलणं सुरू झालं, तेच पुढं रॅप. नंतर १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेलं, हजारो शिक्षक कमी केले गेले, आणि अशा वेळी पहिली कुऱ्हाड कुणावर पडते ते सांगायला नको. चित्रकला, संगीत. वाद्यं हातात नसलेल्या पोरांनी रेकॉर्ड प्लेअरलाच वाद्य केलं.

एकीकडं वाद्यं नसलेली मुलं, त्यांनी शब्द आणि ठोका घडवला. दुसरीकडं शाळेनं वाद्य दिलेली मुलं, त्यांनी त्याच ठोक्यावर व्हायोलिन नेऊन ठेवलं. आपल्या टुऱ्यांकडं यातला पहिला भाग आलाय. दुसरा आलेला नाही. मला एवढंच म्हणायचंय.

कुणी म्हणेल, अमेरिकेचं आपल्याला काय? ठीक. आपल्या घरचं बघू.

आपल्याच विदर्भातला, अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, '१०० आरबीएच' या नावानं मराठीत रॅप करतो. २०१९ च्या 'गली बॉय' पिक्चरमध्ये 'इंडिया ९१' नावाचं गाणं आहे. त्यात तो आहे आणि वेगवेगळ्या भाषांतले इतर रॅपर आहेत. त्या गाण्याचं संगीत विवेक राजगोपालन या मृदंगम वाजवणाऱ्या कलावंताचं. दक्षिणेकडं तालाचे बोल तोंडानं म्हणण्याची मोठी परंपरा आहे, ती त्यांनी मुंबईच्या रॅपर पोरांना शिकवली. शास्त्रीय ताल आणि गल्लीतलं रॅप एका खोलीत बसले आणि कुणी बाटलं नाही. त्याच वर्षी मुंबईच्या 'स्वदेशी' ग्रुपनं आरेच्या जंगलाबद्दल 'द वारली रिव्होल्ट' केलं, तिथले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन. म्हणजे मातीतला आवाज आणि रॅप एकत्र येऊ शकतात हे महाराष्ट्रात सिद्ध झालेलं आहे.

आणि आपल्याकडं? ठोक्यावर लोकांना चार गोष्टी सुनावणं हे विदर्भाला रॅपनं शिकवावं लागलं का? तुकडोजी महाराजांची खंजिरी आठवा. १९४२ च्या आंदोलनात इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. हातात बंदूक नव्हती, होती ती खंजिरी आणि भजन. सत्यपाल महाराज सात-सात खंजिऱ्या समोर ठेवून व्यसन, हुंडा, बुवाबाजीवर बोलतात तेव्हा बायाबापड्यांपासून टुऱ्यांपर्यंत सगळे बसून ऐकतात. आपली खडी गंमत बघा. ढोलकी, तुणतुणं आणि समोरच्याला तिथंच जोडून दिलेलं उत्तर. तुणतुण्याला एकच तार असते, पण शाहीर तिच्यावर रात्र काढतो.

आता आपल्या आंबागडचं. किल्ल्यावर आपण पावसाळ्यात फोटो काढायला जातो. महाशिवरात्रीला गायमुखाची यात्रा करतो. पण हा किल्ला १७०० च्या सुमारास देवगडच्या गोंड राजाच्या, बख्त बुलंद शाहच्या, काळात राजाखान पठाणानं बांधला हे किती जणांच्या लक्षात असतं? हा मुलूख गोंडांचा. गोंडांच्या वंशकथा, देवकथा सांगायचं काम परधानांचं, आणि परधानाच्या हातात असायची किंगरी. गजानं वाजवायचं तारेचं वाद्य. म्हणजे व्हायोलिनच्याच जातीचं. किंगरीच्या सुरावर तासन् तास कथा म्हणायची, कुठं गात, कुठं झरझर बोलत.

नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्या नावाचं ते कॉलेज आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी परधानांकडून लिंगोची कथा ऐकून लिहून घेतली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापली. त्या कथेत लिंगो स्वतः वाद्य बनवतो. भोपळा घेतो, केसांची तार लावतो आणि वाजवायला बसतो. गोंडी परंपरेत लिंगोला अठरा वाद्यांचा जाणकार म्हणतात. ज्या मुलखाचा आद्य गुरूच भोपळ्याला तार बांधून बसला होता, त्या मुलखातल्या मुलांना आज व्हायोलिन म्हणजे टीव्हीतली वस्तू वाटते.

माझ्या लहानपणी धान घरात आलं की किंगरीवाला यायचा. माय सुपात धान घेऊन दारात उभी राहायची, आम्ही पायरीवर बसून ऐकायचो. माझ्या मुलांनी तो बघितलेला नाही. मुलांचा यात काही दोष नाही. त्याच्या मुलानं ते शिकून पोट कशावर भरायचं होतं?

"पण रॅप म्हणजे काही संगीत नव्हे," असं आपल्याकडचे काही जाणते म्हणतात. त्यांना मी हात जोडून एक गोष्ट सांगतो. ज्या पेटीशिवाय आज आपलं एकही भजन होत नाही, त्या पेटीवर १९४० मध्ये आकाशवाणीनं बंदी घातली होती. म्हणे ही परकी आहे, हिच्यात आपले सूर बसत नाहीत. ती बंदी तीसेक वर्षं चालली. सारंगीला तर कोठ्यावरचं वाद्य म्हणून नाकं मुरडायचे. पंडित रामनारायण यांनी मुंबईत राहून तीच सारंगी एकट्यानं मैफलीच्या मधोमध आणून बसवली आणि पुढं सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं. कुठलं वाद्य कुणाच्या पंगतीत बसणार हे काळ ठरवतो.

"रॅपमध्ये शिव्या असतात," हाही आक्षेप आहे. असतात काहींत. पण टुऱ्याला सुराची शिस्त मिळाली, चार माणसांसोबत ताल धरून थांबायला शिकला, तर शिवीची गरज कमी पडते की वाढते? मी मिक्सरमागून बघितलंय. ज्याला वाजवता येतं तो माईकवर कमी ओरडतो.

आता शाळेवर येतो.

आपल्याच तालुक्यातल्या एका शाळेत मी २६ जानेवारीला साउंड लावायला गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण असंच बऱ्याच ठिकाणी आहे. ऑफिसच्या कपाटात पेटी आणि तबल्याची जोडी, वर कापड, कपाटाला कुलूप. विचारलं तर उत्तर, "पोरं फोडतात जी. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारीले काढतो." वर्षातून दोन दिवस. बाकी दिवस त्या पेटीचा भाता उंदरांच्या भरवशावर. मास्तरांनाही पूर्ण दोष देता येत नाही. त्यांना ती वाजवता येत नाही, शिकवायला माणूस नाही, आणि मोडली तर भरून द्यायची भीती.

कायदा काय म्हणतो ते बघा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, त्याची अनुसूची. सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर कला शिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक द्यायचे. हे कायद्यात लिहिलेलं आहे, कुणाच्या मर्जीवर नाही. पण आपल्यासारख्या गावांत सहावी ते आठवीला १०० मुलं आणायची कुठून? म्हणजे गाव लहान म्हणून मुलाचा सूरही लहान, असा त्याचा अर्थ होतो. आणि जिथं १०० भरतात तिथं तरी निदेशक किती आहेत, ते तुम्ही आपापल्या गावच्या शाळेत जाऊन मोजा.

तिकडं सरकार ज्येष्ठ कलावंतांना मानधन देतं. चांगली गोष्ट आहे, वाढवलं पाहिजे. पण त्या मानधनासोबत कुणी त्यांना असं म्हणत नाही की, बाबा, आठवड्यातून एक दिवस शाळेत या आणि हे पोरांना शिकवा. कला म्हाताऱ्याच्या हातात आहे, भूक टुऱ्याच्या पोटात आहे, आणि दोघांच्या मधे कपाटाचं कुलूप.

मला माहीत आहे, लगेच कुणीतरी म्हणेल, "आधी गणित येऊ द्या, छत गळतंय ते बघा, मग वाजवा." छत दुरुस्त झालंच पाहिजे, त्यावर दुमत नाही. पण छत दुरुस्त होईपर्यंत मुलगा थांबत नाही, तो मोठा होतो. आणि गणिताचं म्हणाल तर ताल म्हणजे मात्रा मोजणंच आहे. सोळा मात्रांत आपले शब्द बसवून बरोबर समेवर येणारा टुरा ढ नसतो.

म्हणून माझ्या काही सूचना. पटल्या तर घ्या.

एक. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांची संख्या जास्त असते, म्हणजे ती समिती आपली आहे. पुढच्या बैठकीत ठराव घ्या की वाद्यांचं कपाट आठवड्यातून किमान दोन दिवस उघडेल. मोडलं तर दुरुस्ती गावाची, मास्तरांच्या खिशातून नाही. हे लिहून द्या, म्हणजे त्यांची भीती जाईल.

दोन. एका शाळेला निदेशक मिळत नसेल तर केंद्रातल्या सगळ्या शाळा मिळून एक मागा. रोज एका शाळेत जाईल. पंचायत समितीला अर्ज द्यायचा, आणि अर्जाची पोच घ्यायची. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

तीन. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात शाळेसाठी वाद्यं टाका. नाली, रस्ता, सभामंडप यांच्या यादीत एक ओळ वाढली तर आराखडा बुडत नाही. आणि नुसती पेटी-तबला नको. तुणतुणं हवं, खंजिरी हवी, किंगरी बनवणारा कुठं सापडला तर त्याच्याकडून किंगरी. एखादं व्हायोलिनही येऊ द्या.

चार. गावातला भजनी मंडळाचा पेटीवाला, खडी गमतीचा शाहीर, ढोलकीवाला यांना शाळेत बोलवा आणि जाण्यायेण्याचं व दिवसाचं मानधन द्या. शाल-नारळावर कुणाचं घर चालत नाही.

पाच. हे माझ्याकडून. येत्या मंडईत आमच्या गावच्या स्टेजवर रात्रीच्या कार्यक्रमाआधी एक तास शाळेच्या आणि कॉलेजच्या पोरांचा. अट एकच. रॅप स्वतः लिहिलेलं हवं आणि सोबत किमान एक वाद्य हातानं वाजवलेलं हवं, मोबाईलवरची बीट चालणार नाही. टुरींनीही यायचं, त्यांना वेळ आधी देऊ. साउंड माझा, एक रुपया घेणार नाही. माईक फेकून दिला तर मात्र पैसे घेईन.

ज्या टुऱ्यानं मला तो अल्बम ऐकवला त्यानं नंतर विचारलं होतं, "काकाजी, व्हायोलिन कितीले येते जी?" मी म्हटलं, साधं शिकायचं नवीन मोबाईलपेक्षा स्वस्तात येतं. तो म्हणाला, "मंग शिकवंल कोन?" किमतीचं उत्तर माझ्याकडं होतं. या प्रश्नाचं नव्हतं, आणि ते एकट्या माझ्याकडं असूही शकत नाही. ते शाळेकडं, ग्रामपंचायतीकडं आणि तुमच्या-माझ्याकडं मिळून आहे.

तुमच्या गावात किंगरी, तुणतुणं, सारंगी, व्हायोलिन, काहीही तारेचं वाजवणारं कुणी असेल तर खाली गावाचं नाव तेवढं लिहा. माणसाचं नाव आणि नंबर त्यांना विचारूनच मला खासगीत पाठवा. यादी झाली की ती घेऊन आपण दहा जण पंचायत समितीत जाऊ. कोण कोण येणार तेही लिहा.